किनाऱ्याचं गणित : उष्ण कटिबंधातल्या समुद्रात किरणोत्सार कसा पसरतो

प्रस्तावना

अरबी समुद्राच्या काठी, तारापूरला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. अशा केंद्राला समुद्र दोन कामांसाठी लागतो. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला अखंड थंड पाणी हवं असतं. ते समुद्रातून उचलायचं आणि काही अंशांनी तापलेलं समुद्रालाच परत द्यायचं. दुसऱ्या कामाबद्दल कमी बोललं जातं. केंद्राच्या रोजच्या चालण्यातून सौम्य किरणोत्सर्गी सांडपाणी तयार होतं. त्यावर प्रक्रिया करून, ते तपासून, परवानगीच्या मर्यादेत असल्याची खात्री झाल्यावर परतीच्या प्रवाहात मिसळून सोडलं जातं. यात चोरटं काही नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक अणुकेंद्रांची रीत हीच आहे, आणि आपल्याकडे १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच्या मर्यादा आखून देतं.

पण मर्यादा आखायची तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. सोडलेलं पाणी पुढं जातं कुठं? जवळच्या किनाऱ्यावरच्या घिवली गावाच्या खडकांवर, सातपाटी गावाच्या होड्यांखाली, की खोल समुद्रात? किती दिवसांनी, किती उरून, कशाला चिकटून? आणि उद्या काही बिघडलं, ठरल्यापेक्षा जास्त काही समुद्रात गेलं, तर पहिल्या काही तासांत कुणाला काय सांगायचं? या प्रश्नांची उत्तरं काढण्याचं एक शास्त्र आहे. त्याची मराठी वाचकाला नीट ओळख करून द्यावी, यासाठी हे पुस्तक.

अणुकेंद्राचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे, ‘समुद्र एवढा अफाट आहे, सगळं पातळ होऊन जातं.’ दुसरं, ‘एकदा का समुद्रात गेलं की मासळी कायमची गेली.’ दोन्ही वाक्यांत आकडा नाही, जागा नाही, वेळ नाही. पहिलं बोलणारा हिशेब देण्यातून सुटतो आणि दुसरं बोलणारा हिशेब मागण्यातून. माझं म्हणणं असं : पातळ झालेली गोष्ट नाहीशी होत नाही, ती कुठं तरी असते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती कुठं असते हे आपलंच पाणी, आपलाच गाळ आणि आपलंच जेवण मोजल्याशिवाय कळत नाही. पुढची सगळी प्रकरणं याच म्हणण्याचा विस्तार आहेत.

आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगतो. समुद्राचा एक तुकडा कागदावर किंवा संगणकात मांडायचा, त्याचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात पदार्थ किती आला, किती गेला याची खतावणी ठेवायची. या खतावणीत चार नोंदी असतात. प्रवाहाने किती वाहून नेलं, घुसळणीने किती पसरलं, किरणोत्सर्गी क्षयाने किती कमी झालं आणि पाण्यातून गाळात किंवा गाळातून पाण्यात किती गेलं. क्षयाची नोंद सर्वात सोपी. आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ट्रिटियमला सुमारे बारा वर्षं लागतात, सीझियम-१३७ ला तीस आणि प्लुटोनियम-२३९ ला चोवीस हजार वर्षं. हे आकडे तारापूरला आणि टोकियोला एकच. उरलेल्या तीन नोंदी मात्र जागेजागी बदलतात, आणि खरं काम तिथंच आहे.

पसरण्याचं गणित तसं जुनं आहे. अडॉल्फ फिक यांनी विसरणाचा, म्हणजे पदार्थ आपोआप पसरण्याचा, नियम १८५५ साली मांडला. पण भांड्यातल्या स्थिर पाण्यासाठीचा तो नियम समुद्राला तसाच लागू होत नाही, कारण समुद्रात भोवरे असतात : तळहाताएवढे, अंगणाएवढे, तालुक्याएवढे. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२६ साली वातावरणाचा अभ्यास करताना दाखवलं की ढग जितका मोठा होत जातो तितका तो अधिक झपाट्याने पसरतो, कारण वाढत्या आकाराबरोबर अधिक मोठे भोवरे त्याला ओढू लागतात. समुद्रातही असंच घडतं का, हे पाहण्यासाठी रिचर्डसन आणि हेन्री स्टॉमेल यांनी स्कॉटलंडच्या एका खाडीत पार्सनिपचे, म्हणजे गाजरासारख्या एका पांढऱ्या कंदाचे, तुकडे टाकले आणि दोन तुकड्यांमधलं अंतर कसं वाढतं ते मोजलं. तो छोटासा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढं जगभर समुद्रात रोडामिनसारखे रंग सोडून हेच मोजलं गेलं, आणि अकिरा ओकुबो यांनी १९७१ साली अशा प्रयोगांची निरीक्षणं एका आलेखात आणली. आजचं महागडं सॉफ्टवेअरही पसरण्याचा जो गुणांक मागतं, तो शेवटी अशाच कुणीतरी होडीतून मोजलेल्या आकड्यांतून येतो. ज्या पाण्यात तो मोजला नाही, तिथं तो उसना असतो.

किरणोत्साराच्या बाबतीत हे शास्त्र मात्र अपघातांनी आणि चुकांनी वाढलं. उष्ण कटिबंधातला समुद्र त्यात पहिल्यापासून आहे. मार्शल बेटांमधल्या बिकिनी इथं १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ हा अणुस्फोट केला. त्याची राख जपानच्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी पडले. इतक्या अफाट समुद्रात सगळं विरून जाईल, असं तेव्हा मानलं जात होतं. त्याच वर्षी जपानने ‘शुन्कोत्सु मारू’ हे जहाज त्या भागात पाठवलं. त्यावरच्या शास्त्रज्ञांना स्फोटाच्या जागेपासून फार दूरवर, प्रवाहाच्या दिशेने, पाण्यात आणि प्लवकांत किरणोत्सार सापडला. घुसळण सगळीकडे सारखी होत नाही, प्रवाह पदार्थाला पट्ट्यापट्ट्यांनी घेऊन जातो, हे त्या नमुन्यांनी जगाला दाखवलं.

दुसरा धडा इंग्लंडमधला. तिथल्या विंडस्केल, म्हणजे नंतरच्या सेलाफील्ड, केंद्रातून १९५२ पासून आयरिश समुद्रात नळाने सांडपाणी सोडलं जात होतं. त्यातलं रुथेनियम-१०६ पॉर्फिरा नावाच्या शेवाळात साठत असे. आता सर्वाधिक किरणोत्सार कुणाच्या पोटात जात होता? नळाशेजारी राहणाऱ्यांच्या नव्हे. ते शेवाळ गोळा करून दूर साउथ वेल्सला पाठवलं जायचं आणि तिथली माणसं ते शिजवून आवडीने खायची. किनाऱ्याचा नकाशा कितीही बारकाईने काढला असता तरी ही माणसं त्यावर दिसली नसती; ती शोधायला बाजाराचा आणि स्वयंपाकघराचा माग काढावा लागला. सत्तरच्या दशकात शेवाळाचा तो व्यापार थांबला, सीझियमचं प्रमाण वाढलं, आणि मग मासळी खाणारे पुढं आले. सर्वाधिक झळ लागणारा माणूस कोण, या प्रश्नाचं उत्तर कायमचं नसतं. ते पुन्हा पुन्हा शोधावं लागतं.

आपल्याकडे हा अभ्यास मुंबईत, तुर्भ्याला सुरू झाला. ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ ची, ‘सायरस’ १९६० ची. इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना १९६४ चा. सांडपाणी जायचं ते मुंबई बंदराच्या उथळ खाडीत, ज्या खाडीच्या एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला कांदळवनं आणि मध्ये चिखल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकापासून या खाडीचं पाणी, गाळ आणि मासळी तपासून निबंध प्रसिद्ध केले. उष्ण कटिबंधातल्या गढूळ खाडीचा असा अभ्यास त्या काळी जगात विरळाच होता. सोडण्याच्या जागेजवळच्या गाळात सीझियम-१३७ जास्त आणि दूर जावं तसं कमी, हे चित्र त्यातून पुढं आलं. मुंबईच्या इतिहासात या कामाची नोंद व्हायला हवी तशी झालेली नाही, म्हणून या पुस्तकात त्यासाठी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

आता उष्ण कटिबंध वेगळा का, याकडे वळू. ब्राझीलचं आंग्रा, मेक्सिकोचं लागूना व्हेर्दे, चीनच्या हैनान बेटावरचं छांगच्यांग, आपलं तारापूर, कल्पाक्कम, कुडनकुलम ही सगळी केंद्रं या पट्ट्यात आहेत. राजापूर तालुक्यातल्या माडबनजवळचा प्रस्तावित जैतापूर प्रकल्पही इथलाच. पण या शास्त्राचे बहुतेक आकडे युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानच्या थंड समुद्रांतून आलेले आहेत. फरक कुठं पडतो ते तीन ठिकाणी पाहता येतं : पाण्यात, गाळात आणि ताटात.

पाण्यापासून सुरुवात करू. मुंबई ते डहाणू या पट्ट्यात उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. वर खंबायतच्या आखातात ते दहा मीटरांच्याही पुढं जातं. चेन्नईच्या बाजूला हाच फरक जेमतेम एक मीटर. भरतीच्या प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर सहा-सव्वासहा तासांत पाण्याचा एक कण सुमारे १४ किलोमीटर जातो. हे ऐकून वाटतं, किती लांब गेलं! पण ओहोटीला तो तेवढाच मागे येतो. झोपाळा कितीही उंच गेला तरी अंगण सोडून जात नाही, तसं हे पाणी आहे. ते खऱ्या अर्थाने दूर जातं ते भरती-ओहोटी वजा केल्यावर उरणाऱ्या मंद ओढीने. ती सेकंदाला पाच सेंटिमीटर असेल तर दिवसाला साधारण चार किलोमीटर. मोठ्या वेगातून हा छोटा उरलेला वेग अचूक काढणं हे मॉडेलचं सर्वात अवघड काम. दिवसभर एका जागी प्रवाहमापक ठेवून तो मिळत नाही. निदान पंधरवड्याचं उधाण आणि भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस, दोन्ही त्यात यायला हवेत, आणि तेही प्रत्येक ऋतूत.

कारण ऋतू बदलला की ती मंद ओढच उलटते. पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. पूर्व किनाऱ्यावर, कल्पाक्कमला चित्र वेगळं : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनारी प्रवाह उत्तरेकडे, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे. उत्तरेकडची गावं आणि दक्षिणेकडची गावं आळीपाळीने प्रवाहाच्या तोंडी येतात. अशा किनाऱ्यासाठी वर्षभराची सरासरी काढली तर दोन्ही ओढी एकमेकींना खोडून टाकतात आणि कागदावर प्रवाह जवळपास शून्य दिसतो. त्या शून्यावर विसंबून कुणी निर्णय घेतला तर तो वर्षातल्या एकाही महिन्याला लागू पडणार नाही.

शिवाय परत दिलेलं पाणी तापलेलं असतं. आपल्या नियमांनुसार ते भोवतालच्या पाण्यापेक्षा सात अंशांहून जास्त गरम असता कामा नये. गरम पाणी हलकं म्हणून ते वरच्या थरात तरंगतं, आणि प्रवाह किनाऱ्याला समांतर असेल तर किनारा धरूनच सरकतं. पावसाळ्यात वैतरणा आणि उल्हास यांचं गोडं पाणी वर येऊन आणखी एक हलका थर तयार करतं. म्हणजे खोली दहा मीटर असली तरी मिसळण्यासाठी प्रत्यक्षात वरचे दोन-तीन मीटरच हाती असतात. सगळ्या खोलीत पदार्थ सारखा मिसळला असं धरून चालणारं मॉडेल इथं धोका कमी दाखवतं. तारापूरजवळ भरतीची घुसळण जोरदार असल्याने थर लवकर मोडतात. शांत आणि कमी भरतीच्या किनाऱ्यावर ते टिकून राहतात. एकाच देशात दोन किनाऱ्यांसाठी दोन निराळी मॉडेलं लागतात.

दुसरी गोष्ट गाळाची, आणि माझ्या मते उष्ण कटिबंधातला सर्वात मोठा फरक इथं आहे. पाण्यातला किरणोत्सर्गी पदार्थ गाळाच्या कणांना किती चिकटतो, हे सांगायला वितरण गुणांक नावाचा आकडा वापरतात : एक किलो गाळात जेवढा पदार्थ, तो एका लिटर पाण्यातल्या पदार्थाच्या किती पट. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने किनारी समुद्रासाठी सुचवलेली मूल्यं ढोबळमानाने अशी : स्ट्रॉन्शियमसाठी ८, सीझियमसाठी ४,०००, प्लुटोनियमसाठी १,००,०००. आता एक छोटं गणित करू. स्वच्छ समुद्रात लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ असतो असं धरा. सीझियमचा चार टक्क्यांहून कमी भाग गाळाला चिकटेल, बाकी सगळं पाण्याबरोबर जाईल. तेच सीझियम लिटरमागे ५०० मिलिग्रॅम गाळ असलेल्या गढूळ पाण्यात सोडा. खंबायतच्या बाजूला असं पाणी काही नवलाचं नाही. तिथं सुमारे ६७ टक्के गाळाबरोबर जाईल. प्लुटोनियम स्वच्छ पाण्यात निम्मं गाळावर असेल, गढूळ पाण्यात ९८ टक्के. स्ट्रॉन्शियम मात्र दोन्हीकडे जवळजवळ सगळं पाण्यातच राहील, आणि ट्रिटियम तर पाण्याचाच भाग होऊन जाईल.

या चार ओळींच्या गणितातून बरंच काही निघतं. स्वच्छ समुद्रात सीझियम कुठं गेलं हे विचारलं तर प्रवाहाकडे बोट दाखवावं लागतं. गढूळ समुद्रात तोच प्रश्न गाळ कुठं बसतो याचा होतो. आणि गाळ बसतो तो जिथं पाणी मंदावतं तिथं : खाडीच्या मुखाशी, कांदळवनाच्या मुळांत, बंदराच्या कोपऱ्यात, म्हणजे माणूस जिथं चिंबोऱ्या धरतो आणि तिसऱ्या वेचतो तिथंच. पाणी स्वच्छ निघालं म्हणून निर्धास्त व्हावं असं इथं नसतं. पाण्याचा नमुना घेताना गाळ गाळून टाकला आणि उरलेल्या पाण्याचाच आकडा दिला, तर सीझियमचा मोठा हिस्सा गाळणीच्या कागदावर राहून जातो.

बसलेला गाळ कायमचा बसतो असंही नाही. आयरिश समुद्रात सोडण्याचं प्रमाण घटल्यानंतर जुन्या गाळातूनच सीझियम आणि प्लुटोनियम हळूहळू पाण्यात परत येऊ लागलं. साठवण होती तीच पुढं उगम झाली. आपल्या किनाऱ्यावर याला आणखी दोन कारणं जोडली जातात. एक, गोड्या पाण्यात चिकणमातीला घट्ट धरून बसलेलं सीझियम खाऱ्या पाण्यात सैल होतं, आणि पावसाळ्यात खाडीची खारटपणाची सीमा कित्येक किलोमीटर मागे-पुढे सरकते. दोन, पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन फार घटतो. अशा वेळी मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांच्यावर बसलेला कोबाल्टसारखा पदार्थ मोकळा होतो. त्यात तळ खरवडणारं वादळ किंवा बंदरातला गाळउपसा आलाच. थंड समुद्राचं मॉडेल इथं आणताना या तिन्ही गोष्टी त्यात घातल्या आहेत का, हे विचारलंच पाहिजे.

तिसरी जागा ताट. मॉडेलचा शेवट बेक्वेरेलवर, म्हणजे किरणोत्साराच्या एककावर, होत नाही, तो माणसाला मिळणाऱ्या, सिव्हर्टमध्ये मोजायच्या, मात्रेवर होतो. उदाहरणादाखल पाण्यात सीझियम-१३७ लिटरला एक बेक्वेरेल आहे असं धरू. हा मोजलेला आकडा नाही, हिशेबापुरता घेतला आहे. माशात त्याचं प्रमाण साधारण शंभर पट धरतात, म्हणजे किलोला १०० बेक्वेरेल. वर्षाला २० किलो मासे खाणाऱ्या प्रौढाला त्यातून सुमारे २६ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळेल. ६० किलो खाणाऱ्याला ७८. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा आहे १,००० मायक्रोसिव्हर्ट, आणि निसर्गातून जगातल्या माणसाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच पोटॅशियम-४० लिटरला ११-१२ बेक्वेरेल असतं. हे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ना भीतीचं माप कळतं, ना निर्धास्तपणाचं.

पण कोळीवाड्यातलं ताट किती किलोचं? याचं उत्तर सरासरी खपाच्या तक्त्यात नाही. तिथं ओले बोंबील खातात तसे सुकेही खातात, सुकट आणि सोडे वर्षभर डब्यात असतात. बांबूच्या मांडवावर दोरीला लटकून उन्हात वाळलेल्या बोंबलाचं बहुतेक पाणी उडून जातं, वजन काही पटींनी घटतं, सीझियम मात्र होतं तेवढंच राहतं. म्हणून एक किलो सुका बोंबील म्हणजे कित्येक किलो ओला, आणि तक्त्यात ‘एक किलो मासे’ असं लिहिलं की हिशेब तिथंच चुकतो. उलट आयोडिन-१३१ च्या बाबतीत वाळवण फायद्याचं : चाळीस दिवस डब्यात राहिलेल्या सुकटीत ते बत्तिसाव्या हिश्शावर आलेलं असतं. तसंच पावसाळ्याचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, मोठी मासळी बाजारात कमी, आणि घराघरांत खाडीच्या चिंबोऱ्या, तिसऱ्या, कालवं वाढतात, म्हणजे गाळात राहणारं अन्न. नेमकं त्याच दिवसांत नद्यांचं पाणी आणि गाळ खाडीत उतरत असतो. खाण्याचं हे कॅलेंडर कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. ते इथल्या बायकांना विचारूनच लिहावं लागेल. मासळी निवडायला त्या तासन्‌तास चिखलाच्या काठी बसतात, तेव्हा गाळातून बाहेरून मिळणारी मात्राही त्यांच्याच हिशेबात धरावी लागते.

एवढं सगळं घातल्यावर मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा? जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताने याचं उत्तर दिलं आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर केंद्राजवळच्या समुद्रात सीझियम-१३७ चं प्रमाण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिखराला पोचलं. थेट समुद्रात एकूण किती गेलं हे कुणी नळाला मीटर लावून मोजलं नव्हतं. किनाऱ्याजवळच्या मोजणीवरून मॉडेल उलट चालवून ते काढावं लागलं. प्रसिद्ध झालेले अंदाज सुमारे साडेतीन पेटाबेक्वेरेलपासून सत्तावीस पेटाबेक्वेरेलपर्यंत पसरले आहेत. सगळी मंडळी जाणती होती, मोजणी बव्हंशी तीच होती. पुढं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांची मॉडेलं एकाच प्रश्नावर चालवून पाहिली गेली. बाल्टिकसारख्या बंदिस्त समुद्रात त्यांची उत्तरं जुळली. फुकुशिमासमोरच्या उसळत्या समुद्रात ती एकमेकांपासून बरीच दूर गेली. सगळ्यांना तळाची खोली आणि प्रवाह एकच दिल्यावर मात्र उत्तरं जवळ आली. म्हणजे मुख्य मतभेद किरणोत्साराच्या रसायनशास्त्राचा नव्हताच, तो पाणी कुठं वाहतं याचा होता. ज्यांना आपल्या किनाऱ्याचा प्रवाह ठाऊक नाही, त्यांचं उरलेलं सगळं ज्ञान त्या अज्ञानाच्या मापाने चुकतं.

म्हणूनच या पुस्तकाची रचना पाण्यापासून सुरू होते. पहिल्या भागात भरती, ऋतूंचे प्रवाह आणि घुसळण. दुसऱ्या भागात गाळ आणि खाडी. तिसऱ्यात मासळी, आहार आणि मात्रा. चौथ्या भागात मॉडेलांचे प्रकार : एका मोठ्या डब्यासारखा समुद्र धरणारी साधी मॉडेलं, चौकोनांच्या जाळीवर चालणारी मॉडेलं आणि लाखो काल्पनिक कण सोडून त्यांचा माग काढणारी मॉडेलं. साधं मॉडेल नेहमीच्या सोडण्यासाठी पुरतं आणि ते मुद्दाम धोका थोडा जास्त धरून चालतं. अपघाताच्या वेळी मात्र तासातासाचं उत्तर देणारं मॉडेल हवं. शेवटच्या भागात तारापूर, मुंबई बंदर, कल्पाक्कम आणि फुकुशिमा ही चार ठिकाणं सविस्तर घेतली आहेत. फुकुशिमाचं शुद्ध केलेलं, पण ट्रिटियम असलेलं पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडलं जात आहे. तो निर्णय कोणत्या गणितावर उभा आहे आणि मच्छीमारांचा आक्षेप कशावर आहे, हे दोन्ही तिथं मांडलं आहे. गणित अकरावी-बारावीच्या पलीकडे जात नाही. ज्यांना समीकरणं नको असतील त्यांनी ती ओलांडून वाचलं तरी म्हणणं हरवणार नाही.

या कामासाठी लागणारी माणसं आणि संस्था आपल्याकडे आहेत. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून उभी आहे, गोव्याच्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून, आणि हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र रोज समुद्राचा अंदाज देतं. मुंबईजवळ ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली तेव्हा सांडलेलं तेल डोळ्यांना दिसत होतं, कांदळवनांपर्यंत पोचलेलं दिसत होतं. किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही. तिथं मॉडेल आणि मोजणी हेच आपले डोळे, आणि ते आधीपासून उघडे असावे लागतात. अपघात झाल्यावर प्रवाहमापक टाकायला जाऊन भागत नाही.

हे पुस्तक अणुऊर्जेच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेलं नाही. पण ते तटस्थही नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला आपल्या पाण्याचा हिशेब कळला पाहिजे, या बाजूने ते उभं आहे. म्हणून विद्यार्थ्यांइतकंच ते ग्रामपंचायतीच्या सदस्यासाठी, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षासाठी आणि जिल्ह्याच्या पत्रकारासाठी लिहिलं आहे. कुठलाही अहवाल समोर आला तर त्यांनी हे विचारावं : प्रवाह कुठल्या महिन्यांत मोजला? पाण्यातला गाळ हिशेबात धरला की गाळून टाकला? चिकटण्याचा आणि माशात साठण्याचा आकडा इथला की बाहेरचा? ‘सर्वात जास्त खाणारा माणूस’ म्हणून कुणाला धरलं, आणि त्याला कुणी जाऊन भेटलं का? मॉडेलचं उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिलं का, आणि ते चुकलं तर किती पटींनी चुकू शकतं? चांगल्या मॉडेलकडे या सगळ्यांची उत्तरं असतात. ज्याच्याकडे नसतात, त्याच्या रंगीत नकाशांनी कुणाचंही समाधान होऊ देऊ नका. हे प्रश्न विचारण्याइतकी तयारी वाचकाची झाली, तर पुस्तकाचं काम झालं; उत्तरं देण्याचं काम मग ज्यांच्या हाती नळाची तोटी आहे त्यांचं.